खिडकीचं रबर

ओशिवऱ्याच्या यार्डात सात व्हॅनिटी गाड्या उभ्या असतात.
चाकांवरच्या खोल्या.
सोफ्यावर मी कधी बसलो नाही,
पण प्रत्येकीची खिडकी कुठे अडते ते
अंधारात हात लावून सांगतो.

पास्कोल म्हणायचा, आरसा काय, कोणीही पुसेल.
माणसाचं वय कानामागे कळतं,
गाडीचं रबरात.
वसईहून यायचा, डब्यात सुकटीची चटणी,
वरच्या खिशात जुना टूथब्रश.

तेल लावायचं नाही, बाबा.
ना खोबरेल, ना ग्रीस, ना डिझेलचा बोळा.
तेलाने रबर दोन दिवस खूश,
तिसऱ्या महिन्यात फुगून बसतं
धोंड्याच्या जेवणाला आलेल्या जावयासारखं.
कोमट पाणी घे, साबणाचे चार थेंब.
खाचेतून ब्रश फिरव, निघेल ते निघू दे:
मढची वाळू, कापलेल्या केसांची भुकटी,
एका मुंगीचा अर्धा संसार.
मग कोरडं कर. अजून कोरडं.
सिलिकॉन फडक्यावर मारायचं, रबरावर नाही.
आणि शेवटी बोटभर पावडर,
बाळाच्या मानेला लावतात तेवढीच.

मग गाड्या थांबल्या.
आधी पंधरा दिवस म्हणाले, झाले दोन उन्हाळे.
पास्कोल गेला त्यातल्या पहिल्यात.
दहाच माणसं चालतात दफनाला,
मुलगा फोनवर म्हणाला,
आणि आम्ही घरातच दहा आहोत.

परत आलो तर पाच नंबरची खिडकी उघडेना.
रबर उन्हात चौकटीला विरघळलेलं,
पुन्हा आळलेलं,
कुठे काच संपते, कुठे गाडी सुरू होते, कळत नव्हतं.
मालक म्हणाले, घाल स्क्रूड्रायव्हर, नवीन टाकू.
नवीन कुठलं?
ते माप येणंच बंद झालं होतं.

कुंदा हेअरवाली ड्रायर घेऊन आली.
मधूनच ओढायला लागलो तशी हातावर चापट मारली:
गुंता टोकाकडून सोडवतात रे, मुळाकडून नाही.
खालच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली.
ती वारा देत होती,
मी जुनं रिचार्ज कार्ड सरकवत होतो,
नखभर, मग अजून नखभर.
वाळलेली पट्टी जखमेवरून काढताना येतो
तसा आवाज.
पाऊण तास लागला. दोघंही बोललो नाही.

वरच्या कोपऱ्यात, रबराच्या आतल्या ओठावर
एक टिकली होती.
मरून, मध्ये पिवळा खडा.
आरसा सोडून इथे कोण लावतं?
कुंदाने ओळखली. नाव घेतलं नाही.
ड्रायरची वायर गुंडाळत म्हणाली,
हल्ली तिला बोलवत नाहीत कुणी.

खिडकी सरकली तेव्हा
आत दोन वर्षांपूर्वीची दुपार होती,
हेअरस्प्रे, कॉफी, कुणाची तरी मोगऱ्याची उदबत्ती.
मिनिटभर टिकली.
मग नाल्याचा वास आला आणि सगळं आजचं झालं.

टिकली काढली नाही मी.
ब्रश तिच्या कडेकडेने नेतो,
दर पंधरा दिवसांनी, साबणाचं पाणी उतू न देता.

आता आदिल आहे हाताखाली, एकोणीस वर्षांचा,
सगळं घाईत दाबून बंद करतो.
त्याला सांगतो, गाडी उभी राहणार असली
की दोन बोटं फट ठेव.
दाबून धरलेलं रबर
दाबणाऱ्यालाच चिकटतं.
चोर आला तर?
काय नेईल, आरसे?
आणि पाऊस?
पाऊस आला तर उठायचं आणि यायचं, म्हटलं.
पास्कोल जूनपासून इथेच झोपायचा, तीन नंबरमध्ये,
सोफ्यावर नाही, खाली,
खिडकीकडे डोकं करून.

आदिलने मान हलवली. ऐकलं की नाही, देव जाणे.
हात पुढे कर, म्हटलं,
आणि त्याच्या तळव्यावर पावडर ओतली.