जास्तीचा डाख

मुहर्रकमध्ये जुलैत दुपारी दोननंतर
रस्त्यावर घाम येतो तो फक्त एसींना.
त्यातल्याच एकाचं कार्ड टेबलावर पालथं पडलंय,
कडेला मार्करनं लिहिलेलं:
फ्लॅट नऊ, लहान मूल, आजच.

भिंगाखाली घेतो.
सातवी आणि आठवी पिन
डाखाच्या एकाच थेंबात गळ्यात गळे घालून.
या दोघींचं बोलणं असायलाच नको होतं,
म्हणून फ्लॅट नऊमध्ये पंखा नुसता फिरतोय
आणि कॉम्प्रेसर मुका.

थेंब ओळखीचा आहे.
गुबगुबीत, चकचकीत, शेंडा जरा डावीकडे ओढलेला.
पाहुण्याला नको नको म्हणताना वाढलेला भात असतो, तसा.
पौलोसचा.

अकरा वर्षं तो खिडकीकडच्या स्टुलावर, मी दाराकडच्या.
काढायला त्यानंच शिकवलं मला, लावायच्या आधी.
"मोने, लावतं कुणीही."
आधी राळ. मग तांब्याची वात थेंबावर आडवी,
वातीवर तापलेलं टोक, आणि मोजायचं.
एक. दोन. तिनाला वात डाख प्यायला लागते,
समईतली तेल पिते तशी, मुकाट, खालून वर.
चाराला उचलायचं, दोन्ही एकदम.
पाचाला पॅड सुटतो पाटीवरून
आणि सुटलेला पॅड कुणाच्या बापाला परत बसवता येत नाही.

राळेचा धूर नाकात जातो आणि
जैतापूरच्या खाडीवर वडील होडी उपडी घालून बसलेले,
फळ्यांच्या फटीत कापूस, कापसावर राळ,
अंगठ्यानं दाबत.
फटीत मावेल तेवढीच, म्हणायचे,
वर राहील ती समुद्र चाटून नेईल.
इथेही गल्लीच्या टोकाला लाकडी जहाजं बांधतात,
दमट संध्याकाळी तोच वास दुकानात येतो.
पौलोस म्हणायचा, पंखा लाव. मी लावायचो नाही.

शेवटची दोन वर्षं त्याचे थेंब फुगत गेले.
मला वाटलं, कंटाळला.
अबू ईसाला वाटलं, माल उडवतो.
तो गेल्यावर मी मागे थांबायचो,
त्याची दिवसभराची कार्डं उघडून
तिनापर्यंत मोजत बसायचो.

मग एकदा त्यानं मला चहा ओतला.
पेला भरला. बशी भरली.
चहा टेबलावरून माझ्या गुडघ्यावर आला,
आणि तो किटली तशीच धरून
माझ्याकडे बघून हसत होता,
म्हणजे माझ्या जरा उजवीकडे.

मी फडकं घेतलं. पुसलं.
त्याला म्हटलं, साखर छान झालीय.
त्यानंतर दोन हिवाळे
तो डाख लावायचा आणि मी 'बघून घ्यायचो'.
धाकटीच्या नर्सिंगची शेवटची फी गेली
त्याच आठवड्यात त्यानं तिकीट काढलं.
जाताना स्वतःची गन मला दिली. टोक झिजलेलं,
डावीकडे.

एक. दोन. तीन.
वात राखाडी होते. मी उचलतो.
सात आणि आठच्या मधे पाटीचा हिरवा रंग,
केसाएवढा, स्वच्छ.
टेस्टला लावतो. रिले टक् करतो,
कोपऱ्यातला कॉम्प्रेसर घसा खाकरून सुरू होतो.

बाराव्या पिनवर आणखी एक आहे त्याचा.
जाडजूड, एकटाच, शेजारीपाजारी कुणी नाही.
वात त्याच्यापर्यंत नेतो
आणि कात्रीनं वापरलेला तुकडा कापून टाकतो.
राहू दे.

बिलावर बिघाडाचं कारण लिहावं लागतं.
या वर्षी भिंग बदलून मोठं घेतलंय, तरी
रकाना शोधायला वेळ लागतो जरा.
लिहितो: धूळ.
इथे धुळीबद्दल
कुणी दुसरा प्रश्न विचारत नाही.