यादवी : पाहा पुराणे

कार्डांच्या लाकडी खणात शेडगेबाईंचं बोट
'य'पाशी थांबलं.
यादवी : पाहा पुराणे.
पुराणं नकोत, म्हटलं. श्रीलंका. सत्याऐंशी साल.

त्या चष्म्यावरून बघत राहिल्या.
"आपली यादवी हवी तर कपाटभर आहे.
सातारची गादी, कोल्हापूरची गादी,
काकू-पुतण्यानं दौलत उभी फाडली
नि वारणेला हद्द पडली.
ही परक्यांची कुठं घेऊन बसलीस?"

परक्यांची.
तात्या तिथं सव्वीस महिने होते.
आले ते पत्र्याची ट्रंक, करवंटीची पळी
आणि एक फोटो घेऊन :
ताडांच्या रांगेपुढं सहा जण,
चौघांच्या डोक्यावर पेनाची फुली.
गावानं सत्कार केला, शांतिसेनेचा जवान म्हणून.
त्या शब्दाला तात्या हसले की खोकले
मला कळलं नाही, मी चौथीत होते.

पहिलं पुस्तक मराठी. एकशे बारा पानं.
लिहिणारा कोलंबोत नऊ दिवस राहिलेला,
त्यातला दीड दिवस माशांच्या कालवणावर.

दुसरं इंग्रजी, पुण्याहून मागवलं,
शब्दकोश मांडीवर घेऊन दिवाळीची सुट्टी घातली.
करार, सेनापती, आणि एक नकाशा
नेमका शिवणीत गेलेला.
तात्यांची पलटण दोनशे सत्तराव्या पानावर,
एकाच वाक्यात :
गाव रिकामं करण्यात आलं.
मी आठवीला व्याकरण शिकवते.
याला नवीन कर्मणी म्हणतात, मुलांनो.
यात कर्ता शोधू नका.

"ज्यात दोन्हीकडच्या मेलेल्यांना नावं असतील
ते बघ," शेडगेबाई म्हणाल्या,
आणि चेन्नईच्या भाच्याला फोन लावला.

तिसरं आलं ते तामिळ.
मुखपृष्ठावर विहीर. आत कडबोळ्यांसारखी अक्षरं.
पोवई नाक्यावर मुरुगेशनची इडलीची गाडी,
अकराला गर्दी ओसरली की तो पीठाचे हात पुसून वाचायचा.
तो तिरुनेलवेलीचा, हे युद्ध त्याचंही नव्हे.
"यात गोष्ट नाही ताई. गाव, नाव, वय."
शिवपाक्यम, एकसष्ट.
सेल्वराणी, नऊ.
नल्लतंबी, वय माहीत नाही.
चटणीला माशा बसत होत्या.
त्यानं झाकण ठेवलं नाही.

तेव्हा विचारलं, जे कुणालाच विचारलं नव्हतं.
तण्णी म्हणजे कोण?
तात्या झोपेत हाक मारायचे.
आईला शेवटपर्यंत वाटलं कुणी बाई असेल तिकडची.
बोलली नाही काही,
फक्त अंथरूण माजघरात नेलं.

"तण्णी?" मुरुगेशननं ग्लास पुढं सरकवला.
"पाणी, ताई."

पाणी कुणी मागितलं?
तात्यांनी, की तात्यांकडं?
आणि दिलं का?
तिन्ही पुस्तकं चाळली पुन्हा.
सूचीत पाणी नाही.

परवा मराठीवालं परत करायला गेले,
उशिराचे चौदा रुपये घेऊन.
एसटीत सहज उघडलं तर पान अठ्ठ्याऐंशीवर,
पेन्सिलीनं, दाबून, कागद फाटेस्तोवर :
खोटं. आम्ही रात्री नाही, पहाटे गेलो होतो.
आधी कशी दिसली नाही ही ओळ?
अक्षर तात्यांचं नव्हतं. तात्यांचा 'ल' शेंडीचा.

मागच्या तारखांच्या चिठ्ठीवर माझ्याआधी एकच शिक्का,
तेरा वर्षांपूर्वीचा. सभासद सातशे चार.
शेडगेबाईंनी दंडाचे पैसे बाजूला सारले,
स्टुलावर चढून जुनं रजिस्टर काढलं,
पदरानं धूळ झटकली.
"फडतरे," त्या म्हणाल्या, "किन्हईचे.
असतील का कोण जाणे."

किन्हईच्या गाडीला वीस मिनिटं होती.
मी ट्रंकेतला फोटो पर्समध्ये आहे का ते पाहिलं.
फुली नसलेले दोघं.
एक तात्या.