एक जानेवारी, पहाटेचे चार

गावाचं नाव सूर,
आणि शीतगोदामातल्या यंत्राचा तोच लागत नव्हता.

वीज गेली की बंद पडायचं, ते ठीक.
आली की उठायचं, पंखा घरघरायचा,
हिरव्या ओळी सरसर उतरायच्या
आणि मध्येच एक तांबडी:
तापमान-सेवा सुरू झाली नाही.
पाच वेळा धडपडून ती हात टेकायची.
मी हाताने सुरू केली की मात्र
निमूट चालू.
दवाखान्याची पायरी चढताना
दात दुखायचा थांबतो ना, तसं.

आत चौदा टन सुरमई.
इथले तिला कनद म्हणतात.
तोफज्जल दर तासाला कानटोपी घालून आत जातो,
काटा बघतो, खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहितो.
बंगाली आकडे. त्याचा चार मला आठ वाटतो,
आणि उणे चौदाला उणे अठरा समजून
मी उगाच निर्धास्त होतो.

दोन रात्री भलत्याच जागी शोधलं.
तार बदलली. डिस्क तपासली.
सगळ्या परवानग्या उघड्या टाकल्या,
मग भीती वाटून परत लावून घेतल्या.
फोनवर मस्कतचा साहेब:
"उडव सगळं, नव्याने टाक."
आमच्या गुहागरात घर गळलं
तर आधी कौल हलवून बघतात, साहेब.
हे मी मनात म्हटलं.
तोंडाने म्हटलं, "होय."

तिसऱ्या रात्री नोंदींतला मजकूर सोडला
आणि नुसता डावा रकाना वाचत गेलो.
एक जानेवारी एकोणीसशे सत्तर.
पहाटेचे चार.

बोर्डावर रुपयाएवढी बॅटरी होती,
पत्र्याखालच्या उन्हाळ्यांनी संपवलेली.
वीज गेली की यंत्र सगळं विसरे
आणि जागं होई ते थेट त्या पहाटे.
सेवेच्या हाती प्रमाणपत्र परवा-परवाचं.
तिला वाटे, हे तर अजून कुणी लिहिलेलंच नाही.
ती खोटं बोलत नव्हती.
मिनिटभराने नेटवर्क येई,
कुठून तरी खरी वेळ घेऊन,
तोवर पाचही प्रयत्न संपलेले.
आणि मी नेहमीच
त्या मिनिटानंतर पोचणारा.

हसत हसत हे खमीसला सांगितलं.
रखवालदार तो. हिंदी गलबतावर शिकलेला.
थर्मासमधून काहवा ओतत होता, थांबला.
"सत्तर?
तेव्हा मी नऊ वर्षांचा.
वीज नव्हती इथे. बाप कुवेतला, सिमेंट उचलायला.
गलबत येणार म्हटलं की
मी अंधारातच खाडीवर जाऊन बसायचो.
कोणी नसायचं.
पाणीसुद्धा नसायचं, ओहोटीचं."
मग खजुराची बी थुंकून म्हणाला,
"तुझं हे यंत्र
काय बघायला उठतं रे तिथे?"

मला उत्तर आलं नाही.
मासे तोलायच्या लहान काट्यातली बॅटरी काढून
बोर्डावर बसवली.
आणि सेवेच्या फाइलीत एकच ओळ घातली,
की बाई, घड्याळ लागल्यावर मग तू.
नुसत्या बॅटरीवर भागलं असतं.
पण बॅटऱ्या संपतात.

तीन वेळा प्लग ओढला.
तीनदा उठलं.
शेवटच्या वेळी ती ओळ येईपर्यंत
खमीसही माझ्या खांद्यामागे उभा,
श्वास धरून,
जणू लांबवर शीड दिसतंय.
हिरवी.

बाहेर उजाडायला अवकाश होता.
गुहागरात दीड तास पुढे, चहा झाला असेल.
जुनी बॅटरी खिशात टाकली,
का, ते ठाऊक नाही.

तोफज्जल कानटोपीवर दव घेऊन आतून आला,
सवयीने पुठ्ठ्यावर लिहू लागला.
मी वाकून विचारलं, हा चार की आठ?
वर न बघता म्हणाला,
"आता पडद्याला विचार."