ताशी चार किलोमीटर

उपग्रहाच्या नकाशात सेमिनरी हिल्सची उंची
दोन मीटरनं चुकलेली होती.
त्यामुळं पहिल्या आवृत्तीत
फुटाळ्याच्या काठावरून सुटलेली प्रत्येक गाडी
वायुसेना नगरच्या वळणाआधी जमीन सोडायची
आणि झाडाच्या शेंड्यावर जाऊन बसायची,
चाकं फिरवत.

मग मी आणि प्रज्योत रामटेके पहाटे चारला
सायकलच्या चाकावर खडूची खूण करून
फेरे मोजत निघालो.
एक फेरा, दोन मीटर सात सेंटिमीटर.
चौकीदारानं बॅटरी मारून विचारलं,
काय हरवलं?
प्रज्योत म्हणाला, चढ.

दिवसा हिंगण्याच्या कारखान्यात
मी स्क्रीनवर दुसऱ्यांचे नटबोल्ट काढतो.
रात्री कूलरचे शिंतोडे संगणकापासून लांब ठेवत
स्वतःची गिट्टी पसरतो.
कडुनिंब म्हणजे दोन चित्रं एकमेकांत खुपसलेली,
समोरून झाड,
वरून फुली.
तलावाच्या कठड्याला दोनदा रंग दिला.
भुट्टेवालीची गाडी ठेवली, मग काढून टाकली.
एकशे ऐंशीच्या वेगात तिचं काय होईल
ते मला बघायचं नव्हतं.

शहरात जिकडेतिकडे आता सिमेंट.
माझा रस्ता मी डांबराचाच ठेवला,
मे महिन्यात चपलेचा अंगठा ओढून घेणारा.

फक्त तिसऱ्या वळणाशी गाडी घसरायची.
आकडे बरोबर, टायर बरोबर,
आठ रात्री गेल्या.
नवव्या रात्री बाबा मागं येऊन उभे राहिले,
हातात अडकित्ता.
एकोणतीस वर्षं बांधकाम खात्याचा रोलर चालवलेला माणूस.
"उतार उलटा देल्ला बे तू.
पानी कुठी जाईन?"
बाबा, या गेममध्ये पाऊसच नाही.
"नसू दे.
रस्त्याले पान्याचं मालूम पाहिजे."

आतली कड चार बोटं खाली घेतली.
गाडी वळणाला चिकटून गेली,
जसं काही झालंच नव्हतं.

मग म्हणाले, सरक.
इतवारीतून जुनं आणलेलं स्टिअरिंग,
टेबलाला शिकंजानं कसलेलं,
त्यांनी आधी धोतराच्या सोग्यानं पुसलं.
प्रज्योतची सगळ्यात चांगली फेरी दोन मिनिटं सहा सेकंदांची.
बाबांनी पहिला गिअर टाकला
आणि पाय उचलून घेतला.
संगणकाच्या गाड्या दोन्ही अंगांनी सुसाट निघून गेल्या,
पुन्हा आल्या, पुन्हा गेल्या.
बाबांनी एकदाही आरशात पाहिलं नाही.

मोरीपाशी थांबले.
मागं आले वीस मीटर.
परत पुढं.
परत मागं.
स्क्रीनभर लाल अक्षरं लुकलुकायला लागली,
उलट दिशा, उलट दिशा.
बाबा, हे काय करताय?
"इथं भराव हाये. दाबल्याबिगर कसा सोडू?"
कुणी सांगितलं भराव आहे म्हणून?
"म्याच टाकला होता."

मी खुर्ची ओढून शेजारी बसलो.
काही काही ठिकाणी ते मान काढून
स्क्रीनच्या कडेबाहेर वाकून बघत,
पुढचं लोखंडी चाक
साइडपट्टीवरून उतरत तर नाही ना.
तिथं टेबलाची कड होती
आणि माझा चहाचा कप.
मी कप उचलला.

एक तास एक्कावन्न मिनिटं.
वेळांच्या यादीत सगळ्यात खाली त्यांचं नाव आलं,
मनिराम शेंडे,
मीच टंकलं होतं, ते बघत असताना.
त्यांनी वेळ वाचली नाही.
गुडघे धरून उठले, पाणी प्यायले, आणि दारातून म्हणाले,
"मोरीच्या पुढं अजून गरम हाये.
आज कोनाले सोडू नको तिकडं."

सकाळी प्रज्योतचा फोन,
झाला का रे ट्रॅक, पाठव ना.
मी म्हटलं, उद्या.
आज रस्ता बंद आहे.