अधिक बारा

साळुंके विहार रोडला, ड्रायक्लीनरच्या वर
आमचा स्टुडिओ. मी चेहरे उजळवते.
मालक त्याला टचिंग म्हणतात.
पासपोर्टला अधिक बारा, बायोडेटाला अधिक वीस,
आणि साखरपुड्याची मुलगी सासूला घेऊन आली
तर सासू म्हणेल तिथपर्यंत.
नऊ वर्षं झाली. बोट आपोआप जातं.

बायोडेटात वर्ण नावाचा रकाना असतो.
तिथे गव्हाळ असतं, निमगोरा असतं.
काळा असं आजवर कुणीच लिहिलेलं नाही.
घरात मात्र सगळे सहज बोलतात:
नाकीडोळी नीटस आहे हो, रंगानं जरा डावी.
डावी.
जणू प्रसाद मी
चुकीच्या हातात घेतला.

माझं नाव हेमांगी. सोन्याच्या अंगाची.
आत्या म्हणायची, बारशाला लाइट गेली होती वाटतं.
सगळे हसायचे. मी सगळ्यांच्या आधी हसायचे,
म्हणजे लवकर संपायचं.

जूनमध्ये झवादी आली. टांझानियाची,
फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला, कोंढव्यात राहते.
व्हिसा वाढवायचा होता. चार फोटो.
मला वाटायचं, हा आजार आपलाच.
तिकडे सगळ्याच काळ्या, कोण कुणाला बोलणार?
तिनं स्क्रीन बघितली, मान खाली घातली,
म्हणाली, थोडा साफ कर दो, दीदी.
साफ. जशी फरशी.

मग सांगत बसली.
धाकटी बहीण हिच्याहून उजळ;
पाहुणे आले की ती पुढे, ही स्वयंपाकघरात.
मावशीनं क्रीम लावलं, तोंडाला चढलं,
बोटांच्या पेरांना नाही चढलं.
मी नकळत माझी पेरं टेबलाखाली घेतली.
अकरावीत एक अख्खी ट्यूब संपवली होती मी,
वह्यांच्या मागे लपवून.
इथे, म्हणाली, बसमध्ये माणसं उभी असतात
आणि माझ्या शेजारची जागा रिकामी.
एकदा एका पोरानं तिच्या हातावर अंगठा घासला
आणि मग अंगठा निरखून बघितला.
त्याची आई हसली.
झवादी तिच्याही आधी हसली होती.

मी अधिक बारा केलं.
और, ती म्हणाली. वीस. और. तीस.
तिसाला तिच्या कपाळावरचा व्रण गेला,
जो आंब्याच्या झाडावरून पडून आलेला.
उरलं ते उकडलेल्या बटाट्यासारखं काहीतरी.
पैसे देऊन ती खुशीत गेली.

चार दिवसांनी परत. फोटो नापास.
पेन्सिलीनं लिहिलेलं: चेहरा जुळत नाही.
आम्ही दोघी त्या पेन्सिलीकडे बघत बसलो.
सरकारला आमचा कसला पुळका नाही, माहीत आहे.
तरी, आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी म्हणत होतं
तू जशी आहेस तशीच ये, नाहीतर येऊ नको.

पडदा पांढराच लागतो. आणि कॅमेरा
पडदा मोजतो, माणूस मोजत नाही,
म्हणून आमच्यासारख्या त्यात बुडतात.
हे मला नऊ वर्षं ठाऊक होतं.
मी दिवा एक वीत पुढे ओढला. छिद्र मोठं केलं.
क्लिक. शून्यावर ठेवलं.
ती आली, कपाळावरच्या रेघेसकट,
गालाच्या हाडावर निळसर चमक.
आवडला का, मी विचारलं.
माहीत नाही, म्हणाली.
करवंदं, काळी माती, असलं काही मी बोलले नाही.
मला कुणी बोललं की माझा जीव जातो.

रात्री शटर अर्धं ओढून मी खुर्चीत बसले.
टायमर लावला. दहा सेकंद.
स्क्रीनवर मी. शून्य.
बोट आपोआप बारावर गेलं.
मागे घेतलं. पुन्हा गेलं. पुन्हा घेतलं.

सकाळी मालक म्हणाले, ही कोण गं?
टचिंग राहिलंय हिचं.
मी चहा सांगायला खाली गेले.