ऊरुको

चप्पल बाहेर काढायची का, आधी हे विचारलं.
हत्तुरे मॅडम म्हणाल्या, तुमच्या मनावर आहे.
छप्पन्न वर्षांत माझ्या मनावर
कुणी काही सोडलं नव्हतं.

खाली टॉवेलचं होलसेल दुकान, वर यांची खोली,
जिन्यात कोऱ्या मालाचा वास.
फॉर्मवर लिहिलं: अंबादास मल्लेशम इराबत्ती.
काम: जॉबर, पॉवरलूम, अक्कलकोट रोड.
तक्रार: ही रेघ सोडली.
खरं तर सोमवारीच यायचं होतं,
पण सोमवारी नळाला पाणी, पाच दिवसांनी.
मन थांबतं हो, नळ थांबत नाही.

मेघनानं पाठवलं. माझी धाकटी, पुण्यात असते.
दर शनिवारी मोबाईलवर एका बाईंशी तासभर बोलते.
बाराशे रुपये तास.
म्हटलं, बाराशेला तुझ्या आजीला
किती विड्या वळाव्या लागल्या असत्या, ठाऊक आहे?
ती म्हणाली, पप्पा,
त्यातला निम्मा तास तुमच्यावरच जातो.
दिवसभर हिशोब करत बसलो:
दर शनिवारी सहाशे रुपयांचा मी,
आणि मी तिथं नसतोच.

अम्मा मांडीवर सूप घेऊन बसायची,
कात्री, पानं, तंबाखू, रोजची हजार.
बोलायची नाही. वर्षातून एकदाच,
आषाढात पोचम्माच्या पुढं तिच्या अंगात यायचं.
केस सुटायचे, आणि ती सगळं सांगायची,
मजुरीतले पैसे कुणी उचलले,
हात कुणी टाकला,
कुठल्या लेकराचं दूध तुटलं.
अख्खी गल्ली हात जोडून ऐकायची.
नाना पण. मान खाली घालून.
मग देवी जायची. अम्मा पाणी मागायची.
दुसऱ्या दिवशी परत सूप, परत हजार.
फी एक नारळ.

आम्हा बाप्यांच्या अंगात कोण येणार?
गिरणी बंद झाल्यावरही नाना
भोंग्याच्या वेळेला उठायचे,
डबा मांडीवर घेऊन बाजेवर बसायचे.
त्यांना कुणी विचारलं नाही. मीही नाही.

घरात एकच औषध होतं: ऊरुको.
मराठीत ‘गप’ म्हणावं तर ते टोचतं,
‘असू दे’ म्हणावं तर फारच मऊ पडतं.
गुडघा फुटला, ऊरुको.
नाना गेले, ऊरुको.
बारावीला मेघना तीन दिवस दार लावून बसली,
मी बाहेरून म्हटलं, ऊरुको.
मी मायेनं म्हटलं होतं.
तिला आतून कडीसारखं ऐकू आलं.

चाळीस मागांच्या शेडमध्ये
माणसाला माणूस ऐकू येत नाही,
तिथं मी दारातूनच सांगतो,
सतरा नंबरचा पिकर ढिला आहे, बघ.
आणि घरात माणसं तीन.

मॅडम काही बोलत नव्हत्या. पंखा फिरत होता.
मी पाण्याबद्दल सांगितलं, उन्हाबद्दल,
टॉवेलच्या मंदीबद्दल, झोपेबद्दल थोडंसं,
आणि नानांच्या डब्यापाशी आलो
तसा घशात काहीतरी अडकलं.
तोंडावर हात ठेवला. स्वतःलाच म्हटलं, ऊरुको.

मॅडमना तेलुगु येत नाही.
म्हणाल्या, याचा अर्थ काय?

किती वेळ लागला सांगायला, कळलं नाही.
घड्याळ त्यांनी पाहिलं असेल, मी नाही.
पुढची तारीख सोमवारची निघाली.
नळाचा वार. म्हटलं, असू द्या.

जिन्यात एक म्हातारा बसला होता,
धोतर, टोपी, शेजारी नातू, कानात वायरी.
मला हळूच विचारलं, दुखतं का हो?
दाताच्या डॉक्टरकडं विचारतात तसं.
म्हटलं, सुई नसते.
नातवाला आत घेऊन जाणार ना?
म्हणाला, नाही. त्यानं मला आणलंय.