तिसऱ्या प्रकरणाचा मसुदा

मसुदा परत मिळाला तो कुरुमच्या खाडीवर,
ऐन ओहोटीला.
समासात झुवैना बाईंची पेन्सिल:
'हे तू पाहिलंस, की नुसतं वाचलंस?'

मी गप्प.
घोट्यापर्यंत चिखल, डोक्यावर मस्कतचं ऊन,
आणि सत्तावीस संदर्भांपैकी एकही
मदतीला येईना.

त्यांनी एक पान तोडलं,
उलटं करून माझ्यापुढे धरलं.
'चाट.'
खारट. मिठाचे कण
जिभेवर करकरले.

'तुमच्याकडे काय म्हणतात ह्याला?'
'तिवर,' मी म्हणाले,
आणि चार वर्षांत पहिल्यांदा
देवगडची खाडी
माझ्या प्रबंधात शिरली.

'ति-वर,' बाईंनी घोळवून पाहिलं,
वहीत अरबीत टिपलं,
स्पेलिंग मलाच विचारून.

गाडीपाशी दीड पान मीच खोडलं.
त्या बघत होत्या भरतीकडे.
म्हणाल्या,
'आधी बूट धू. मग लिही.'